पहिली मोटार घेताना
(सभासद व विद्यार्थी मेळाव्यात म्हसा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. शिक्षण, वसतिगृह, शिष्यवृत्ती ह्यांवर आपण दरवर्षी बोलतो. मोटारीवर बोलणे म्हणजे चैनीची गोष्ट काढली, असे वाटणे साहजिक आहे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतून जी मुले शिकून नोकरीला लागली, कोणी मुरबाडच्या एमआयडीसीत, कोणी शाळेवर, कोणी कल्याण-ठाण्याच्या कचेरीत, त्यांच्यापैकी बरेच जण आता विचारू लागले आहेत की, चार-पाच लाखांच्या आत घरात गाडी आणता येईल काय? हा प्रश्न चैनीचा नाही. रेल्वे अजून मुरबाडपर्यंत पोचलेली नाही. आगगाडी धरायची तर कल्याण, बदलापूर किंवा शहापूरच्या बाजूला आसनगाव गाठावे लागते. शेवटची एस.टी. निघून गेल्यावर कोणाच्या पोटात दुखू लागले, कोणाची सून अडली, तर कोणाच्या दारात जाऊन हात जोडावे लागतात हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

खरेदी कशी करावी हे खरे तर ह्या गावाला शिकविण्याची गरज नाही. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेत जनावरांचा बाजार भरतो. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी अनेकांच्या दावणीला स्वतःचा बैल नव्हता. दुसऱ्याच्या शेतावर राबताना दुसऱ्यासाठीच ते बैल पारखायला येत. पण पारखण्याची त्यांची रीत पक्की होती. शिंगांचा रंग आणि पाठीवरची झूल पाहून कोणी इसार देत नसे. जबडा उघडून दोन दाती की चार दाती ते पाहायचे, खूर पाहायचे, चालवून पाहायचे, जमल्यास औताला जुंपून पाहायचे. भावाची बोलणी त्यानंतर, रुमालाखाली बोटे धरून. त्याच घरातला नातू आज शोरूममध्ये जातो आणि तेथे हातात दिलेले थंड पेय पिऊन, रंग पसंत करून, सही करून परत येतो! आजोबांची रीत नातवाने मोटारीला लावावी, एवढेच आमचे मागणे आहे.

आता थोडे मागे जाऊ. १९८० पर्यंत आपल्या देशात मोटार म्हणजे अँबॅसिडर, कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढीच निवड होती. पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. सामान्य माणसासाठी छोटी गाडी असावी ही कल्पना मात्र जुनीच होती. आपल्या महाराष्ट्रात, इचलकरंजीचे शंकरराव कुळकर्णी ह्यांनी जेमतेम शालेय शिक्षणाच्या बळावर 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः बनवून रस्त्यावर चालवून दाखविली होती. ती कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही, हे आपले दुर्दैव. पुढे १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते देण्यात आली. ७९६ सीसीचे इंजिन आणि किंमत पन्नास हजारांच्या आसपास. ही गाडी २०१४ पर्यंत तयार होत राहिली. ती टिकली ती केवळ स्वस्त होती म्हणून नव्हे. तिचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळे आणि तिचे इंजिन उघडू शकणारा मेकॅनिक प्रत्येक नाक्यावर तयार झाला, हे त्याचे खरे कारण आहे असे आम्हांस वाटते.

टाटांच्या नॅनोचे उलटे झाले. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात एक लाखाची गाडी म्हणून तिचा मोठा गाजावाजा झाला. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, २००९ साली गाडी बाजारात आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. गाडी काटकसरीची होती, आत ऐसपैस जागा होती. परंतु 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का तिच्यावर बसला, आणि त्या शिक्क्यानेच तिचे नुकसान केले असे स्वतः रतन टाटांनी पुढे बोलून दाखविले.

शिक्क्याचे दुःख काय असते हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणूनच ह्या ठिकाणी आम्ही थोडे स्पष्ट बोलणार आहोत. मोटारीने मान मिळतो हे आम्ही नाकारीत नाही. ज्या वाटेवर आपल्या वाडवडिलांना पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागल्या, त्या वाटेने मुलगा मोटार घेऊन दारात येतो तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. ते पाणी खोटे नाही. पण ह्याच भावनेपोटी तीस हजार पगाराचा तरुण दहा-बारा लाखांची उंच गाडी सात वर्षांच्या हप्त्यावर उचलतो. पहिले वर्ष बरे जाते. दुसऱ्या वर्षी बहिणीच्या कॉलेजची फी आणि गाडीचा हप्ता एकाच तारखेला येतात. गाडी दारात आली तेव्हा गावाने पाहिली, तशी हप्ते थकल्यावर बँकेची माणसे ती ओढून नेतात तेव्हाही सारे गाव पाहते.

तेव्हा आधी वही-पेन्सिल घेऊन बसावे. गाडीची किंमत काय, हा प्रश्न दुय्यम आहे. गाडी महिन्याला किती खाते, हा पहिला प्रश्न. एक उदाहरण करू. चार लाखांचे कर्ज, व्याज साडेनऊ टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ८,४०० रुपये येतो व एकूण व्याज एक लाख चार हजारांपर्यंत जाते. तेच कर्ज सात वर्षांचे केले तर हप्ता सुमारे ६,५५० होतो. कानाला गोड वाटते. पण व्याज एक लाख एकोणपन्नास हजारांवर पोचते. म्हणजे पंचेचाळीस हजार रुपये केवळ गोड वाटण्याचे! शिवाय सातव्या वर्षी गाडी जुनी झालेली असते, दुरुस्त्या सुरू झालेल्या असतात आणि हप्ता मात्र नव्या गाडीचाच असतो.

आता त्यात इंधन धरा. म्हसा ते कल्याण सुमारे चाळीस किलोमीटर. आठवड्यातून दोनदा जाणे-येणे आणि जवळची कामे मिळून महिन्याला ८०० किलोमीटर समजू. गाडी लिटरला वीस देते असे धरले, तर चाळीस लिटर पेट्रोल; १०५ रुपयांच्या भावाने ४,२०० रुपये. कंपनीच्या कागदावर चोवीस-पंचवीसचा आकडा असतो. तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. पावसाळ्यातल्या आपल्या रस्त्यावर, चार माणसे बसवून आणि एसी लावून तो मिळत नाही. विमा, सर्व्हिसिंग, टायर ह्यांसाठी महिन्याला अडीच हजार बाजूला ठेवा. एकूण झाले पंधरा हजार शंभर. ज्या घरात तीस हजार येतात, तेथे निम्मी मिळकत चार चाकांवर गेली. आमच्या मते हा सर्व खर्च, हप्त्यासकट, घरातल्या एकूण मिळकतीच्या पाचव्या हिश्श्यापुढे जाऊ नये. मुलांचे शिक्षण चालू असेल तर त्याहूनही कमी असावा. हे प्रमाण कोणाला फार कडक वाटेल. वाटो.

पेट्रोल की सीएनजी, हा वाद नाक्यानाक्यावर चालतो. त्याचेही उत्तर वहीतच आहे. त्याच छोट्या गाडीचा सीएनजी नमुना साधारण नव्वद हजारांनी महाग पडतो. किलोला सत्तावीस किलोमीटर आणि भाव ऐंशी रुपये धरला, तर ८०० किलोमीटरला सुमारे २,४०० रुपये लागतात; पेट्रोलपेक्षा महिन्याला १,८०० वाचले. नव्वद हजार वसूल व्हायला पन्नास महिने लागले. रोज कल्याणला जाणाऱ्याचे ते दीड-दोन वर्षांत वसूल होतील. महिन्याला तीनशे किलोमीटर फिरणाऱ्याला अकरा वर्षे लागतील. म्हणून ज्याची गाडी आठवडाभर अंगणात उभी असते त्याने शेजाऱ्याची सीएनजी पाहून हुरळून जाऊ नये. शिवाय डिकीतली जागा टाकी खाते, भाताचे पोते मग मागच्या सीटवर येते; टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते; आणि पंप आपल्या रोजच्या वाटेवर आहे का, तेथे रांग किती असते, हे स्वतः जाऊन पाहावे. डिझेलच्या छोट्या गाडीचा विचार सोडून द्यावा. मारुतीने तर एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या काढणेच बंद केले. विजेवरची गाडी चालवायला स्वस्त खरी, पण तिची सुरुवातीची किंमत आज ज्यांच्याशी आम्ही बोलत आहोत त्यांच्या आवाक्यातली नाही.

नव्या गाडीबाबत एक चांगली गोष्ट घडली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या व बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. त्या महिन्यात मारुतीच्या एस-प्रेसो व आल्टो के१० ह्यांच्या सर्वांत साध्या नमुन्यांची शोरूम किंमत साडेतीन ते पावणेचार लाखांच्या दरम्यान आली होती. आजचा भाव शोरूममध्ये विचारून घ्यावा. पण शोरूमचा भाव आणि गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा भाव ह्यांत मोठे अंतर असते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रोड टॅक्स बसतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो; २०२२ साली ठरलेल्या दराने तो हजार सीसीपर्यंत ६,५२१ रुपये आणि त्यापुढे दीड हजार सीसीपर्यंत १०,६४० रुपये होता. ह्याखेरीज सीटकव्हर, मॅट, 'हँडलिंग' अशा नावांखाली दहा-वीस हजार हळूच वाढविले जातात. प्रत्येक ओळीचे लेखी विवरण मागावे आणि जे नको ते खोडून टाकावयास सांगावे. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही.

तरीही ज्यांच्या हाती दीड-दोन लाख रोख आहेत आणि कर्ज नको आहे, त्यांना आम्ही पाच-सहा वर्षे वापरलेली गाडीच सुचवू. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत गाडीची किंमत सर्वांत जास्त उतरते, तो तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. हात बसेपर्यंत गाडी दोन-तीनदा कुंपणाला घासणारच. ती जुनीच घासलेली बरी. ह्याच ठिकाणी आजोबांचे जबडा उघडून पाहणे कामास येते.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. चालू केल्यावर मागून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंटचे पाणी आत शिरत असावे. ऑइलचे झाकण उघडून खाली दुधाळ साय दिसली तर तेथूनच नमस्कार करून निघावे. टायर एकाच बाजूने झिजले असतील तर अलाइनमेंट किंवा मागचा अपघात, ह्यांपैकी काहीतरी आहे. मीटर तीस हजार दाखवितो आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर मात्र गुळगुळीत झाले आहे, स्टिअरिंग चकाकते आहे, तर मीटर खोटा समजावा. बरोबर आपल्या ओळखीचा मेकॅनिक न्यावा. त्याला पाचशे-हजार रुपये देताना हात आखडू नये. ह्या व्यवहारातले ते सर्वांत स्वस्त पैसे असतात.

आपल्या भागापुरती एक विशेष गोष्ट सांगतो. उल्हास नदीचे पाणी २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये बदलापूर-कल्याणच्या परिसरात शिरले होते. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली ते सर्वांना आठवत असेल. अशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून, पॉलिश करून विकल्या जातात. त्या कमी भावात मिळतात आणि म्हणूनच आपल्यासारख्यांच्या गळ्यात पडतात. वर्षभरात त्यांची वायरिंग कुजते. म्हणून पायाखालची मॅट उचलून हात घालून पाहावे, ओल किंवा बारीक गाळ लागतो का. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. धुताना तेवढा भाग राहून जातो आणि चिखलाचा डाग तेथे सापडतो. सीटखालच्या बोल्टवर गंज, दिव्याच्या काचेत वाफ, बंद गाडीत कुबट वास, ह्यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तर भाव निम्मा झाला तरी ती गाडी घेऊ नये.

कागदपत्रांचे काम विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे असे आम्हांस वाटते. घरात शिकलेले मूल आहे आणि वडील एजंटाच्या मागे फिरत आहेत, हे बरे दिसत नाही. गाडीचा नंबर घालून परिवहन खात्याच्या 'एम-परिवहन' ॲपवर नोंदणी, विम्याची मुदत, गाडीवर कर्ज आहे का हे पाहता येते. थकलेली ई-चलने सरकारी संकेतस्थळावर पाहावीत. आरसीवर बँकेचे नाव असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चासीचा नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहावा. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. 'सही करून देतो, नावावर नंतर करा' असे म्हणणाऱ्याशी व्यवहार करू नये. गाडी दुसऱ्याच्या नावावर असताना अपघात झाला तर कोर्टाच्या पायऱ्या दोघांनाही चढाव्या लागतात. पंधरा वर्षे पूर्ण होत आलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी तिच्या पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली आहे, हे लक्षात असावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते. ती बसविलेली आहे ना, पाहावे.

काटकसर कोठे करू नये, हेही सांगितले पाहिजे. चालकासमोरची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटची २०२२ च्या सुरुवातीपासून नव्या गाड्यांत सक्तीची झाली. घसरताना चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही सोयही २०१९ पासूनच सर्व गाड्यांत आली. तेव्हा जुनी गाडी घेताना २०१९ च्या उत्तरार्धानंतरची मिळाली तर वीस-तीस हजार जास्त गेले तरी चालतील. नव्या गाड्यांतही फरक आहे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०२० साली टाटा टियागोला प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. २०२३ साली आल्टो के१० ला दोन आणि वॅगन-आरला एकच मिळाला. त्यानंतर २०२५ मध्ये आल्टो के१० ला सहा एअरबॅग देण्यात आल्या, ही समाधानाची बाब आहे. मात्र एअरबॅग असो वा नसो, मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावयाचा असतो. माळशेज घाटात धुके उतरते तेव्हा ह्या बोलण्याची आठवण ठेवा.

आता शेवटचा मुद्दा, कारण तो आम्हांला सर्वांत जास्त विचारला जातो. हप्ता जड जातो म्हणून मुरबाड-कल्याण चार प्रवासी भरले तर काय बिघडले? बिघडते असे की, पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने प्रवासी नेणे कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मग जखमी माणसाचा खर्च गाडीमालकाच्या घरादारावर येतो. ज्याला धंदाच करावयाचा आहे त्याने पहिल्या दिवसापासून पिवळ्या पाटीची, परवान्याची गाडी घ्यावी. तिचा कर वेगळा, विमा वेगळा आणि तिचे महिन्याचे गणितही वेगळे मांडावे लागते. दोघा भावांनी किंवा शेजारच्या दोन घरांनी मिळून एक गाडी घ्यावी, असाही विचार काही सभासदांनी बोलून दाखविला आहे. तो आम्हांला पसंत आहे. फक्त आरसी कोणाच्या नावावर, विम्याचा हप्ता कोण भरणार, आणि रात्री-अपरात्री किल्ली कोणाच्या घरी टांगलेली असेल, एवढे गाडी आणण्यापूर्वी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.